जाळीचा पिंजरा, साडेसातशे रुपयांचा: दोन पावसाळे वापरल्यावर

गेल्या वर्षी जुलैत मी फुलपाखरं वाढवायचा जाळीचा पिंजरा ऑनलाइन मागवला. किंमत ७५० रुपये, वर घरपोच आणायचे ४०. येतो तो चपटा, परातीएवढा गोल. शेजारच्या बेननी पार्सल हातात घेऊन विचारलं, ‘ढोकळ्याची थाळी मागवलीत का?’ पट्टी सोडली की आतली तार उसळते आणि ४० सेंटिमीटर लांब-रुंद, ६० सेंटिमीटर उंच असा पिंजरा उभा राहतो. तीन बाजूंना पांढरी जाळी, समोर पारदर्शक प्लास्टिकची खिडकी, एका कडेला चेन, वर टांगायला नाडी. सोबत चिमटा, ड्रॉपर आणि १६ पानांची पुस्तिका.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या गॅलरीत दोन पावसाळे हा पिंजरा टांगलेला आहे. त्यात तीन वेळा फुलपाखरं आणि एकदा पतंग वाढवले. घ्यावा का, असं कमाटीबागेत सकाळी फिरायला येणाऱ्या दोघी-तिघींनी विचारलं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी हे सांगायला हवं की मला तो कशासाठी हवा होता. मी २८ वर्षं कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहाय्यक होते. फळमाश्यांच्या प्रॅक्टिकलचं सगळं माझ्याकडे असे. मक्याचं पीठ, गूळ, अगर-अगर आणि यीस्ट यांची पेज शिजवायची, उकळलेल्या बाटल्यांत ओतायची, कापसाचे बोळे लावायचे. मग विद्यार्थी माश्यांना ईथरनं गुंगी देऊन पांढऱ्या फरशीवर पसरायचे आणि बारीक ब्रशनं लाल डोळ्यांच्या एकीकडे, पांढऱ्या डोळ्यांच्या दुसरीकडे करायचे. घाईत कुणी आकडा खोटा लिहिला तर मला बाटलीकडे पाहूनच कळायचं. एका जोडप्याची पिल्लावळ वेगळी ठेवायची, दुसऱ्याची त्यात मिसळू द्यायची नाही आणि सगळी मोजायची. आनुवंशिकतेचं काम करायचं तर एवढी शिस्त लागतेच. फुलपाखरांच्या रंगाचा असाच हिशोब घरी करता येईल का, हे मला निवृत्तीनंतर पाहायचं होतं.

आधी बरण्यांत केलं होतं. लोणच्याच्या काचेच्या बरणीला तोंडाशी मलमल बांधायची. पण पावसात बरणीत दमटपणा साचतो, पानांना बुरशी येते, आणि कोषातून निघालेल्या फुलपाखराला लटकून पंख ताणायला जागा मिळत नाही. पंख सुरकुतलेलेच वाळतात. अशी दोन गेली तेव्हा बरणी बंद केली.

पिंजऱ्याची खरी परीक्षा गेल्या ऑगस्टमध्ये झाली. गॅलरीत कागदी लिंबाची कुंडी आहे, शेजारी कढीपत्ता. दोन्हींवर कॉमन मॉरमॉन फुलपाखरू अंडी घालतं. नर काळा, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची आडवी रांग. मादीची मात्र रूपं वेगवेगळी. एक हुबेहूब नरासारखी. दुसऱ्या रूपात मागच्या पंखांवर मध्ये पांढरा डाग आणि कडेला लाल चंद्रकोरी, अगदी कॉमन रोझ या फुलपाखरासारखी. कॉमन रोझची अळी ईश्वरीच्या वेलीची विषारी पानं खाते. ते विष फुलपाखरातही राहतं, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. मॉरमॉनची लाल मादी बिनविषारी असून त्याच वेषाच्या आडोशानं जगते. तिसरं रूप क्रिमझन रोझची नक्कल करतं, ते मला आमच्या गॅलरीत अजून दिसलेलं नाही.

या मादीला ओळखायची खूण मला नातीनं दाखवली. वय वर्षं अकरा. पंख पाहू नको आजी, अंग पाहा, म्हणाली. खऱ्या कॉमन रोझचं पोट आणि डोकं लालभडक असतं. मॉरमॉनच्या मादीनं पंखांची नक्कल साधली तरी अंग काळंच राहतं. मी इतकी वर्षं टाचणीला टोचलेली फुलपाखरं पेटीत मांडली, पण त्यांचे रंग उडालेले असत. ही खूण मला तिच्याकडून कळली.

तर अशी एक लाल चंद्रकोरीची मादी कुंडीभोवती घिरट्या घालत होती. मी पिंजऱ्याच्या तळाची शिवण उसवून अख्खी आठ इंची कुंडी आत घेतली, मादीला अलगद पकडून आत सोडलं, घाणेरीची फुलं ग्लासात ठेवली. साखरपाण्यात बुडवलेला कापूसही ठेवला. दोन दिवसांत तिनं कोवळ्या पानांवर २७ अंडी घातली. तिसऱ्या सकाळी तिला सोडून दिलं. पिंजऱ्याचा सर्वांत मोठा फायदा हाच. ही सगळी अंडी एकाच आईची, यात शंका उरली नाही. उघड्या कुंडीवरून वेचलेल्या अंड्यांबद्दल असं छातीठोकपणे सांगता येत नाही. (तळाला चेन दिली असती तर उसवावं लागलं नसतं. आता मी तिथं वेल्क्रो शिवून घेतलं आहे.)

२७ पैकी २५ अंडी फुटली. २३ अळ्या कोषात गेल्या आणि २२ फुलपाखरं निघाली. १२ नर, सगळे एकसारखे. १० माद्या, त्यांतल्या सहा आईसारख्या लाल चंद्रकोरीच्या आणि चार नरासारख्या दिसणाऱ्या. एकाच आईच्या पोटच्या, एकाच कुंडीची पानं खाऊन, एकाच पिंजऱ्यात वाढलेल्या बहिणी, आणि पंखांवर दोन वेगळी लुगडी. नात खिडकीला नाक लावून बसली होती. ‘सारखंच खाल्लं ना गं सगळ्यांनी?’ असं तिनं दोनदा विचारलं.

मी तिला वहीत चौकट काढून समजावलं. या जनुकाच्या प्रत्येकाकडे दोन प्रती, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. लाल रूपाचं जनुक प्रभावी आहे, एक प्रत असली तरी मादीत ते दिसतं. नरासारखं दिसायचं तर त्या मादीकडे लाल रूपाची एकही प्रत नसायला हवी. चार लेकी नरासारख्या निघाल्या म्हणजे आईकडे लाल रूपाची एकच प्रत असणार. दोन असत्या तर प्रत्येक लेकीला एक मिळालीच असती. नरांना हे जनुक मिळालं तरी त्यांच्या पंखांवर काहीही उमटत नाही. ते नुसते वाहक, लेकींना देऊन मोकळे. म्हणून बापाकडे पाहून काही ठरवता येत नाही. बापाकडे एकही प्रत नसेल तर लेकी अर्ध्या लाल, अर्ध्या साध्या व्हाव्यात. त्याच्याकडेही एक असेल तर चारांत तीन लाल. माझा आकडा सहाला चार. तो दोन्हींत बसतो. दहा लेकींवरून निकाल देणं मला पटत नाही. आमच्या प्रॅक्टिकलला शंभराच्या आत मोजणी असली की सर वही परत करत, आणि ते बरोबरच होतं.

हा प्रयोग काही माझा नवा नाही. मॉरमॉनच्या या माद्या एकाच जातीच्या आहेत, हे वॉलेस या इंग्रज निसर्गअभ्यासकानं १८६५ साली मांडलं. त्याआधी त्यांना वेगळ्या जातींची नावं दिली जात. १९१३ साली श्रीलंकेत फ्रायर नावाच्या अभ्यासकानं याच फुलपाखराच्या पिढ्या वाढवून रूपं मोजली. मग क्लार्क आणि शेपर्ड या इंग्लंडमधल्या जोडीनं १९७२ साली त्याची आनुवंशिकता तपशिलानं प्रसिद्ध केली. इतकी बारीक नक्कल एकाच जनुकाला कशी जमेल, तिथे अनेक जनुकं एकमेकांना चिकटून बसली असतील, असा तेव्हाचा समज होता. २०१४ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात उत्तर आलं, आणि त्या कामात पहिलं नाव आपल्या मराठी माणसाचं होतं, डॉ. कृष्णमेघ कुंटे यांचं. जनुक एकच निघालं, डबलसेक्स.

हे नाव वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठले. डबलसेक्स मला फळमाशीतून माहीत होतं. माशीत ते बिघडलं की नराची आणि मादीची लक्षणं एकाच अंगावर येतात. नर की मादी हे शरीराला समजावून देणारं हे जनुक. फुलपाखरानं तेच उचलून मादीच्या पंखांच्या नक्षीला लावलं आहे. नक्कल मादीतच का उमटते, ते इथे चटकन समजतं. लाल रूपात गुणसूत्राचा हे जनुक असलेला, डीएनएच्या सुमारे १,३०,००० अक्षरांचा तुकडा उलटा बसलेला असतो. पोलक्याला काठ उलटा लागला की दुसऱ्या बाजूशी त्याची बुट्टी जुळत नाही. तसा हा तुकडा जोडीदार गुणसूत्राच्या तुकड्याशी जुळत नाही, त्यामुळे दोघांत अदलाबदल होत नाही आणि नक्षी पिढ्यानपिढ्या अख्खीच्या अख्खी पुढे जाते. अर्धी लाल, अर्धी साधी अशी मादी म्हणूनच माझ्या पिंजऱ्यात निघाली नाही.

क्लार्कबद्दल थोडं जास्त लिहिते, माझ्या घराशी संबंध आहे. सर सिरिल क्लार्क लिव्हरपूलचे डॉक्टर. फुलपाखरं हा त्यांचा छंद. जवळजवळ बसलेल्या जनुकांचा फुलपाखरांत विचार करता करता ते माणसाच्या आरएच रक्तगटाकडे वळले. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ बापावर जाऊन पॉझिटिव्ह असेल, तर बाळंतपणात बाळाच्या रक्तपेशी आईच्या रक्तात जातात, तिचं शरीर त्यांच्याविरुद्ध तयार होतं आणि पुढच्या बाळाच्या जिवावर बेततं. १९६० च्या दशकात क्लार्क यांच्या गटानं, आणि स्वतंत्रपणे अमेरिकेतल्या संशोधकांनी, अँटी-डी इंजेक्शनचा उपाय सिद्ध केला. माझी सून आरएच निगेटिव्ह आहे. नातीच्या जन्मानंतर तिला ते इंजेक्शन दिलं. धाकटा नातू आता सात वर्षांचा आहे आणि पिंजऱ्यावर चेंडू मारू नकोस म्हणून रोज माझं बोलणं खातो. माझ्या नणंदेचं दुसरं बाळ याच कारणानं गेलं होतं, त्या काळी इथे कुणी काही सांगितलंही नव्हतं. मी पिंजऱ्यासमोर बसते तेव्हा तिची आठवण येते.

आता पुस्तिका. ती चुकीची आहे, आणि मुलांच्या हातात जाते म्हणून मला याचा जास्त राग आहे. पान ९ वर लिहिलंय की तपकिरी कोषातून नर निघतो आणि हिरव्यातून मादी. नातीनं ते वाचून प्रत्येक कोषाजवळ कागदाची चिठ्ठी टाचली. तिचा तक्ता माझ्यापुढे आहे. कोष २३, त्यांत तपकिरी १५, हिरवे ८. तपकिरीतला एक फुटलाच नाही. उरलेल्या चौदांतून आठ नर, सहा माद्या. हिरव्या आठांतून चार नर, चार माद्या. पुस्तिका खोटी ठरली आणि ती पोरगी दोन दिवस फार खूश होती.

खरं कारण पिंजऱ्यातच दिसत होतं. हिरवे आठही कोष लिंबाच्या हिरव्या, गुळगुळीत काडीवर होते. तपकिरी बहुतेक सगळे जाळीवर, चेनेच्या पट्टीवर आणि मी आधाराला लावलेल्या वाळक्या बांबूच्या कामटीवर. या कुळातल्या अळ्या कोषात जाण्याआधी जागा चाचपतात. जागा गुळगुळीत की खरखरीत, हिरवी की वाळकी, हवा किती दमट, यांवर कोषाचा रंग ठरतो. दोन्ही रंग करण्याची तयारी प्रत्येक अळीच्या जनुकांत असतेच, कुठला काढायचा ते जागेवर. बहिणीच्या पंखांतला फरक आईबापांकडून आला आणि कोषातला फरक काडीकडून. एकाच पिंजऱ्यात दोन्ही शेजारी शेजारी दिसले. हे मी वर्गात फळ्यावर कितीदा पाहिलं होतं, इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं.

म्हणून पिंजरा घेणाऱ्यांना एक सूचना. जाळीच्या पिंजऱ्यात तपकिरी कोष जास्त होणार. त्यावरून आपल्या गावची जात तपकिरी आहे असं ठरवू नका. हिरव्या काड्या भरपूर ठेवा आणि मग पाहा.

अळ्यांचाही रंग आहेच. कॉमन मॉरमॉन काय, लिंबावरचं दुसरं लाइम फुलपाखरू काय, दोघांच्या अळ्या चौथ्या अवस्थेपर्यंत पक्ष्याच्या शिटेसारख्या, काळपट-पांढऱ्या. चौथ्या वेळी कात टाकून पाचव्या अवस्थेत गेल्या की हिरव्यागार. डिवचलं तर डोक्यामागून लालसर दुहेरी शिंग काढतात आणि कुजक्या लिंबासारखा वास सुटतो. हा बदल ज्युवेनाइल हार्मोनच्या, म्हणजे किड्याला बाल्यावस्थेत ठेवणाऱ्या हार्मोनच्या हातात आहे. त्याच कुळातल्या एका जपानी जातीवर २००८ साली हे दाखवलं गेलं. हार्मोन चढं राहिलं तर शिटेचा वेष टिकतो, उतरलं की हिरवा येतो. हिरवा रंग तरी एकसंध कुठे? अळीच्या अंगात निळसर द्रव्य आणि पिवळं द्रव्य एकत्र येऊन तो होतो. पिवळं द्रव्य पानांतून येतं, अळीला ते स्वतः बनवता येत नाही. काळा मात्र ती स्वतः करते, टायरोसीन या प्रथिनांतल्या घटकापासून मेलॅनिन हे काळं द्रव्य. रेशमाच्या किड्यातही असंच. तुतीच्या पानातला पिवळा रंग आतड्यातून रक्तात घेणारं एक जनुक आणि रक्तातून रेशमाच्या ग्रंथीत घेणारं दुसरं. दोन्ही दारं उघडी असतील तरच कोश पिवळा, एक बंद असेल तर पांढरा.

हे सगळं दिसायचं ते खिडकीतून, आणि खिडकी हा या पिंजऱ्याचा कमकुवत भाग आहे. प्लास्टिक पहिल्या महिन्यात स्वच्छ होतं. आता त्यावर धुरकट थर आहे, पुसून जात नाही. सकाळी आतून वाफही धरते. फोटो काढायचा तर चेन उघडावी लागते. पांढऱ्या जाळीऐवजी काळी असती तर आतलं जास्त स्पष्ट दिसलं असतं, कारण पांढऱ्यावर उजेड चमकतो. विष्ठेचे डाग पडून आता ती पिवळी झालीच आहे.

चेन पाचव्या महिन्यात गेली. दात निघाले. विकणाऱ्याला फोटो पाठवला, दोनदा ‘आपल्या अनुभवाबद्दल दिलगीर आहोत’ आलं आणि पुढे काही नाही. मांडवीजवळ बॅगांच्या चेना बदलणारे एक काका बसतात, त्यांनी पन्नास रुपयांत जाड चेन घालून दिली, ती वर्षभर टिकली आहे. विकत घेतल्यावर चेनेला मेणबत्ती चोळून घ्या, सरळ चालते.

जाळीचं विणकाम मात्र चांगलं आहे. पाल, कोळी, माश्या आत येत नाहीत. उघड्या कुंडीवरून आणलेल्या कोषांतून मला पूर्वी फुलपाखराऐवजी बारीक काळ्या गांधीलमाश्या निघालेल्या दिसल्या आहेत. त्या अळीच्या किंवा कोषाच्या पोटात अंडी घालतात. अंड्यापासून पिंजऱ्यात वाढवलेल्यांत एकदाही तसं झालं नाही. मुंग्या नाडीवरून उतरतात. नाडीला एरंडेल लावलं की थांबतात. रोज विष्ठा काढा, ओली पानं ठेवू नका. पहिल्या खेपेला मी आळस केला आणि सहा अळ्या काळ्या पडून लोंबकळत मेल्या. रोग लागलेला पिंजरा ब्लीचच्या पाण्यात भिजवून कडक उन्हात वाळवावा लागतो. कापड त्यात टिकलं, एवढं सांगते.

पतंगांसाठी हा पिंजरा नाही. तगरीवर कण्हेरीच्या पतंगाच्या अळ्या सापडल्या, हिरव्या, डोक्याजवळ निळे डोळे काढल्यासारखे ठिपके. चार आणल्या. कोषात जायची वेळ आली तेव्हा त्या गडद तपकिरी झाल्या आणि जमिनीवर पालापाचोळा शोधत तळाशी फिरू लागल्या. तळ निसरड्या कापडाचा. मी धावपळ करून प्लास्टिकच्या ट्रेमध्ये माती आणि वाळकी पानं घातली. पतंग निघाले ते देखणे, हिरव्या संगमरवरासारखे. पण रात्रभर जाळीवर आपटून पंखांच्या कडा झिजवून घेतल्या. संध्याकाळीच सोडायला हवे होते. तीन तसे गेले, चौथा वेळेवर सोडला.

पतंगांवरून दोन गोष्टी. आमच्या लॅबमध्ये मॉर्गन या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या पांढऱ्या डोळ्यांच्या माशीचा तक्ता भिंतीवर होता, १९१० सालचा शोध. रंगाचं जनुक नर-मादी ठरवणाऱ्या गुणसूत्रावर बसतं याचा पहिला पुरावा म्हणून तोच शिकवला जाई. पण त्याच्या चार वर्षं आधी, १९०६ साली, डॉनकास्टर आणि रेनर या दोघांनी मॅगपाय पतंगाच्या रंगाची आनुवंशिकता नर-मादीशी जोडलेली असल्याचं दाखवलं होतं. त्या पतंगाचं फिकट रूप जवळजवळ नेहमी मादीतच सापडे. फुलपाखरांत आणि पतंगांत आपल्यापेक्षा उलटं असतं. मादीकडे दोन वेगळी गुणसूत्रं, झेड आणि डब्ल्यू, नराकडे दोन झेड. मादीला एकच झेड, म्हणून त्यावरचं लपणारं जनुकही तिच्यात उघडं पडतं. माशीच्या शेजारी या पतंगाचंही चित्र भिंतीवर हवं होतं.

दुसरी गोष्ट नातीच्या पुस्तकातल्या पेपर्ड मॉथ या इंग्लंडमधल्या पतंगाची. चित्राखालच्या ओळीवरून तिचा समज झाला होता की कारखान्यांच्या काजळीनं पतंग काळे झाले. तसं नाही. काळा पतंग मँचेस्टरजवळ १८४८ साली नोंदला गेला, आणि १८९५ पर्यंत तिथे बहुतेक सगळे काळेच दिसू लागले. काजळीनं झाडांची खोडं काळी झाली, त्यावर पांढरे पतंग पक्ष्यांना सहज दिसले, काळे वाचले. पण काळं करणारा बदल जनुकात आधीच झालेला होता. २०१६ साली तो सापडला. डीएनएचा सुमारे २२,००० अक्षरांचा एक उडता, म्हणजे जागा बदलणारा तुकडा कॉर्टेक्स नावाच्या जनुकात जाऊन बसला होता, अंदाजे १८१९ च्या सुमारास. नातीला मी हे लिहून दिलं आणि काही महिन्यांतच ते दुरुस्त करावं लागलं. २०२४ साली असं दाखवलं गेलं की गुणसूत्राच्या त्या जागेवर काळ्या रंगाचं काम खरं कॉर्टेक्स करत नाही, तिथल्याच डीएनएवरून तयार होणारा एक चिमुकला रेणू, आरएनए, करतो. त्याचं नाव मिर-१९३. तीन दूरदूरच्या फुलपाखरांत तो काढून टाकला तर पंखांचा काळा रंग गेला. नातीनं वहीत ‘कॉर्टेक्स’वर काट मारून शेजारी नवीन नाव लिहिलं, जुनं खोडलं नाही. मी लॅबमध्ये हेच सांगत असे. चुकलेला आकडा खोडू नका, एक रेघ मारा.

पिंजऱ्याची एक मर्यादा शेवटपर्यंत सुटत नाही. त्यात जोड्या लागत नाहीत. नराला मादीपुढे घिरट्या घालायला ६० सेंटिमीटर पुरत नाहीत. म्हणजे एका आईची लेकरं मोजता येतात, पण ठरवून दोघांचं लग्न लावून नातवंडं मोजता येत नाहीत. क्लार्क आणि शेपर्ड यांनी हातानं जोडी लावायची रीत १९५६ साली लिहून ठेवली आहे, दोघांना बोटांत धरून. माझी बोटं आता तेवढी स्थिर नाहीत. नातीला दोन वर्षांनी शिकवावं म्हणते. ज्यांच्याकडे गच्ची आहे त्यांनी मोठा, माणूस आत उभा राहील असा मच्छरदाणीचा तंबू शिवून घ्यावा. इथल्या वाडी भागात शिंपी तो माप दिलं की शिवून देतात.

घ्यायचा का? लिंबाची किंवा कढीपत्त्याची कुंडी घरात असेल आणि रोज दहा मिनिटं साफसफाईला देणार असाल तर घ्या. पुस्तिका मुलाच्या हातात देण्याआधी पान ९ फाडा. नुसतं वाढदिवसाची भेट म्हणून देणार असाल तर नको, आठवड्यात अळ्या मरतील. काही जाती कायद्यानं संरक्षित आहेत, दिसेल ते पकडून आत कोंबू नका. पाचपैकी साडेतीन देईन. अर्धा चेनेचा आणि एक पुस्तिकेचा कापला.

यंदा आम्ही दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली आहे. मंगळवारी नरासारखी दिसणारी मादी सापडली. ती लिंबावर बसून पोट वाकवत होती म्हणून मादी हे कळलं. तिच्याकडे लाल रूपाची एकही प्रत नाही. तेव्हा तिची एक जरी लेक लाल चंद्रकोरी घेऊन निघाली, तर ती प्रत बापाकडून आलेली असणार, ज्या बापाच्या अंगावर त्याची खूणही दिसत नाही. मादीला काल सोडून दिलं. आज सकाळी नातीनं अंडी मोजली, १९. मी पुन्हा मोजली, १९च आहेत.